बारावी राज्य मंडळाची, प्रवेश परीक्षा एनसीईआरटीची. तयारी कशी करावी?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. लेक बारावी कला शाखेला आहे, ठाण्यातच. राज्य मंडळ, इंग्रजी माध्यम. भाषा इंग्रजी आणि मराठी. बाकी विषय मानसशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. तिला मानसशास्त्रात ऑनर्स करायचंय आणि डोळा दिल्ली विद्यापीठावर आहे. म्हणजे सीयूईटी आली, केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, आणि तिचे प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांवर. मी आणि नवरा दोघंही कॉमर्सवाले. आमच्या वेळी बारावीचे टक्के घेऊन कॉलेजच्या खिडकीसमोर उभं राहिलं की काम व्हायचं. विषयवार परीक्षा हा प्रकारच आम्हाला नवा आहे.

स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो होतो. समुपदेशक बाईंनी लेकीला एक प्रश्न विचारला नाही, थेट पॅकेज काढलं. फी ऐकून नवऱ्याने पाणी मागितलं. त्यांचं म्हणणं असं की राज्य मंडळाची मुलं एनसीईआरटीसमोर टिकतच नाहीत, त्यामुळे बोर्डाचा अभ्यास बाजूला ठेवा. हे ऐकून लेक घरी येऊन रडली.

बोर्ड खरंच बाजूला ठेवायचं का? दोन्ही पुस्तकं एकत्र कशी करायची? आणि क्लासशिवाय कोणाच्या मुलाला जमलंय का? विज्ञानवाल्यांच्या सीईटीचे अनुभवही चालतील, पण कलावाल्यांचे आधी सांगा. आमच्या ओळखीत त्या बाजूचं कोणीच नाही.

सुकी_भेळ

पहिल्या रांगेत बसलोय. आमचं शेंडेफळ अकरावीत आहे. वाचनखूण साठवली.

घोडबंदर_ग्रस्त

मुळात दिल्ली कशाला? मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत बीएला बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होतो, रुईयासारखी कॉलेजं ठाण्याहून लोकलच्या अंतरावर आहेत. दिल्लीची नोव्हेंबरातली हवा बघितलीय का कधी?

खारघरचा_वारा

@घोडबंदर_ग्रस्त, घोडबंदर रोडला राहून तुम्ही दुसऱ्या गावाच्या हवेबद्दल बोलताय, तुमच्या धाडसाला सलाम.

घोडबंदर_ग्रस्त

आमच्याकडे हवा वाईट असते पण हलत नाही, ट्रॅफिकसारखी. सवय होते.

मास्तर_तासावर

ताई, मी ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवतो, त्यामुळे माझ्या विषयापुरतं ठामपणे सांगू शकतो.

'राज्य मंडळाची मुलं टिकत नाहीत' हे वाक्य विक्रीसाठी बनवलेलं आहे. खरी अडचण वेगळी आहे. आपल्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवात युरोपातल्या प्रबोधनापासून होते. मग वसाहतवाद, मराठे आणि वसाहतवाद, समाजसुधारणा, स्वातंत्र्यलढा, निर्वसाहतीकरण, महायुद्धं आणि भारत, शीतयुद्ध. एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक सुरू होतं हडप्पापासून. नाणी, शिलालेख, महाभारतावरून समाजाचा अभ्यास, स्तूप, मग अल बिरूनी, इब्न बतूता आणि बर्निए हे प्रवासी, भक्ती आणि सूफी, विजयनगर, मुघल काळातली शेती, १८५७, गांधीजी, आणि शेवटी संविधान सभा. आता तुम्हीच बघा, समान किती निघतं? उत्तरार्धातला काही भाग. बाकी सगळं नवं.

पण यातलं हडप्पा आणि जनपदं तिने आपल्या अकरावीच्या पुस्तकात वाचली आहेत. मुलं अकरावीचं पुस्तक रद्दीत देतात आणि मग म्हणतात आम्हाला शिकवलंच नाही. ते शोधून काढा.

दुसरं म्हणजे प्रश्नांची जात. बोर्डाला 'टीपा लिहा', 'सकारण स्पष्ट करा'. इथे चार घटना देऊन कालक्रम लावा, दोन याद्यांच्या जोड्या जुळवा, विधान आणि कारण. एक उदाहरण घ्या. पेस (विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी), इब्न बतूता, बर्निए आणि अल बिरूनी ही चार नावं देऊन क्रम विचारला तर अल बिरूनी अकरावं शतक, इब्न बतूता चौदावं, पेस सोळावं, बर्निए सतरावं, एवढं चटकन आठवावं लागतं. निबंध उत्तम लिहिणारी माझी एक विद्यार्थिनी इथे अडखळायची, कारण तिला सगळं 'साधारण' माहीत असायचं. तिला मी एका लांब कागदी पट्टीवर शतकं आखायला लावली आणि प्रत्येक प्रकरणातली माणसं त्यावर बसवायला लावली. पट्टी तिच्या पलंगाच्या कडेला चिकटवली होती.

आणि जुनी पुस्तकं विकत घेताना छपाईचं वर्ष बघा. मुघल दरबार आणि बखरींवरचं प्रकरण जुन्या प्रतींत आहे, २०२३च्या फेरछपाईत ते वगळलंय. परीक्षा घेणारी संस्था, एनटीए, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर देते, तो शेजारी ठेवून पुस्तकात पेन्सिलीने खुणा करा. पुस्तकं एनसीईआरटीच्या साइटवर फुकट आहेत.

फक्त_वाचक

मास्तर, तुमच्यासारखे शिक्षक आम्हाला का नाही मिळाले? आमच्या सरांनी गाइडमधून गाइड वाचून दाखवलं.

मास्तर_तासावर

ते सर बहुधा माझे मित्र असावेत.

दिल्लीवाली_ठाणेकर

नमस्कार काकू. मी ठाण्याची, राज्य मंडळातूनच बारावी कला केलं आणि सध्या दिल्लीत दुसऱ्या वर्षाला आहे. क्लास लावला नव्हता. जरा मोठं लिहिते.

आधी विद्यापीठाचे नियम, कारण इथे गफलत झाली तर अभ्यास वाया जातो. सीयूईटी २०२२ पासून आहे. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. एनटीए म्हणते कुठलाही विषय घ्या, बारावीला नसला तरी चालेल. पण दिल्ली विद्यापीठ म्हणतं, बारावीला जे विषय होते त्यांचीच परीक्षा द्या. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळे नियम, आणि लोक फक्त पहिला वाचतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने सोपा म्हणून भलताच विषय घेतला होता, त्याला तो डीयूला धरताच आला नाही.

मानसशास्त्र ऑनर्सला सीयूईटीत मानसशास्त्र दिलंच पाहिजे असं नाही! एक भाषा आणि यादीतले कुठलेही तीन विषय. किंवा एक भाषा, दोन विषय आणि सामान्य क्षमता चाचणी. म्हणजे तुमच्या मुलीने भाषा आणि चारही विषय दिले तर पाच होतात आणि त्यातले सर्वोत्तम तीन धरता येतात. एक पेपर बिघडला तरी हातात काहीतरी राहतं. आमच्या बॅचला बारावीला मानसशास्त्र नसलेली पुष्कळ मुलं आहेत. इतिहास किंवा अर्थशास्त्र ऑनर्सचे नियम वेगळे आहेत, अर्थशास्त्राला गणित लागतं, म्हणून ज्या कोर्सला जायचंय त्याचं माहितीपत्रकच वाचायचं.

आता विषय. मानसशास्त्रात आपल्या आणि एनसीईआरटीच्या पुस्तकात बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व आणि मानसिक विकृती हे समान आहे. पण आपल्याकडे बोधनिक प्रक्रिया आणि भावना आहेत, तिकडे ताण, उपचारपद्धती, अभिवृत्ती आणि समूहाचा प्रभाव. समान प्रकरणांतही खोली वेगळी. बुद्धिमत्तेत तिकडे जे. पी. दास, नॅगलिएरी आणि कर्बी यांचं पास प्रतिमान नीट यावं लागतं. ताणाच्या प्रकरणात सेलीचे तीन टप्पे आहेत, धोक्याची सूचना, प्रतिकार, थकवा. प्रश्न येताना 'सेली कोण' असा येत नाही. एका बाईची चार ओळींची कहाणी येते, सासू आजारी, ऑफिसात बढती, आता तिला सारखी सर्दी होते, आणि ती कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखायचं.

मी काय केलं? समान प्रकरणं एकदाच, एनसीईआरटीतून वाचली आणि बोर्डाची उत्तरंही त्यातूनच लिहिली. बोर्डाच्या पुस्तकातले जास्तीचे मुद्दे समासात. दिवाळीपर्यंत तिकडचं जे आपल्याकडे नाही ते एकदा वाचून ठेवलं, पाठ वगैरे काही नाही. जानेवारीपासून फक्त बोर्ड. पेपर संपले त्या दिवशी झोपले आणि दुसऱ्या दिवसापासून एमसीक्यू. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत भरपूर वेळ मिळतो. बोर्ड बाजूला ठेवायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका, कारण दिल्ली विद्यापीठात मार्क सारखे पडले तर बारावीचे टक्के बघतात.

पाचपाखाडीकर

किती छान लिहिलंस ग. लेकीला फोन देऊन वाचायला लावलं. तिने पहिला प्रश्न विचारला, 'हिला हॉस्टेल मिळालं का?'

दिल्लीवाली_ठाणेकर

नाही मिळालं, पीजीमध्ये राहते. जेवणात रोज राजमा. त्यावर वेगळा धागा काढू शकते.

ऐरोली_लोकल

सगळे क्लासच्या विरोधात दिसताहेत, म्हणून दुसरी बाजू. माझा मुलगा कॉमर्सचा, अत्यंत आळशी. घरी बसवलं असतं तर मोबाइल आणि तो, दोघांनी मिळून वर्ष काढलं असतं. क्लासमध्ये दर रविवारी कॉम्प्युटरवर चाचणी व्हायची आणि यादी भिंतीवर लागायची. शिकवलं काय ते देवाला ठाऊक, पण त्या यादीच्या लाजेने पोरगा बसला. ज्याला शिस्त आहे त्याने घरी करावं. आमच्याकडे ती विकत घ्यावी लागली.

खारघरचा_वारा

@ऐरोली_लोकल, मग शिस्तीचे पैसे द्या, 'संपूर्ण पॅकेज'चे कशाला? बहुतेक ठिकाणी फक्त चाचणी मालिका वेगळी मिळते, तिची किंमत पॅकेजच्या मानाने किरकोळ असते. आणि अभ्यासिका आहेतच. नेरूळ, वाशी, ठाणे, सगळीकडे. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे पहाटेपासून बसतात. त्यांच्यात बसलं की आपोआप मोबाइल पिशवीत जातो.

ऐरोली_लोकल

पिशवीत जातो आणि पिशवीतच वाजतो. पण चाचणी मालिकेचं मान्य.

तळ्याकाठी

+१ अभ्यासिकेला. मुलगी एमएचटी-सीईटीच्या वर्षी बसायची. तिच्या शेजारी एमपीएससीचा एक दादा होता, तो दुपारी बरोबर एक वाजता डबा उघडायचा. त्याच्या भेंडीच्या वासावर हिचं घड्याळ चालायचं.

विज्ञानवाल्यांसाठी थोडं. एमएचटी-सीईटीत पीसीएमला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, त्यालाही ९० मिनिटं. साधारण २० टक्के अकरावी, ८० टक्के बारावी. निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. इथे राज्य मंडळाच्या मुलांना फायदाच आहे, पुस्तक आपलंच. म्हणून म्हणते, ताई, तुमच्या मुलीला कमी लेखणाऱ्या त्या बाईंना सांगा की प्रश्न कुठल्या पुस्तकातून येतात एवढाच काय तो फरक आहे.

शून्य_लब्धी

निगेटिव्हचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडतो. सीयूईटीत बरोबर उत्तराला +५, चुकलं तर −१, पर्याय चार. डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी (५ − ३) भागिले ४, म्हणजे प्रश्नामागे अर्धा गुण पदरात पडतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर सरासरी २ गुण. त्यामुळे 'निगेटिव्ह आहे, कोरं सोड' हा घरोघरी मिळणारा सल्ला चुकीचा आहे. ५० प्रश्न, ६० मिनिटं, सगळे सक्तीचे. शेवटची दोन मिनिटं उरलेल्यांवर खुणा करण्यासाठी राखून ठेवा.

मास्तर_तासावर

गणित बरोबर आहे, पण मुलं ते कसं वापरतात ते मी बघतो. 'सरासरी फायदा आहे ना सर' म्हणत न वाचता वीस प्रश्नांवर टिचक्या मारतात. सरासरी ही शंभर मुलांची, एका मुलाच्या नशिबात त्या दिवशी काय येईल ते सांगता येत नाही.

शून्य_लब्धी

मान्य. न वाचता मारू नये. पण वाचून, अडकून, मग भीतीपोटी कोरा सोडलेला प्रश्न हे निव्वळ नुकसान आहे. अजून एक गोष्ट, 'उत्तर दिलं आणि पुनर्विलोकनासाठी ठेवलं' अशी खूण असलेली उत्तरं मोजली जातात. त्यांच्याकडे परत जायला वेळ मिळाला नाही तरी चालतं. हे माहीत नसलेली मुलं शेवटच्या मिनिटाला खुणा काढत बसतात.

नेरूळ_निवासी

@शून्य_लब्धी, तुम्ही चेन्नईच्या गणित संस्थेतले ना? तिकडची परीक्षा कशी असते? भाच्याला गणिताशिवाय काही सुचत नाही, आणि बहिणीला जेईईशिवाय.

शून्य_लब्धी

हो, सीएमआय. तिथल्या परीक्षेत पर्यायांच्या प्रश्नांबरोबर लिहायचे प्रश्न असतात, सिद्धता नीट मांडावी लागते. आयएसआयचंही, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेचंही, तसंच, एक पेपर पर्यायांचा, एक लेखी. भाच्याला एक काम द्या. सिद्ध कर, की सलग तीन पूर्णांकांचा गुणाकार सहाने भाग जाणारा असतो. कारण कागदाच्या एका बाजूला, वाक्यांत, लिहून दे म्हणावं. जेईईच्या तयारीतली मुलं 'उघड आहे' म्हणतात आणि पुढे जातात. ज्याला ते 'उघड' कागदावर उतरवताना मजा येते त्याने इथे यावं. विज्ञान आवडत असेल तर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची चाचणी आहे, जीव, रसायन, गणित, भौतिक प्रत्येकी १५ प्रश्न, तीन तास. आणि नेस्ट ही प्रवेश परीक्षा दिली तर भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेबरोबर कलिन्याच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञान केंद्राचा दरवाजाही उघडतो, नेरूळहून जाऊन येऊन करता येईल.

नेरूळ_निवासी

कलिना! बहिणीला सांगतो. 'घरचा डबा' हा शब्द ऐकला की ती कुठल्याही परीक्षेला तयार होईल.

रेघोट्या

आर्किटेक्चरवाल्यांना कोणी विचारतच नाही. नाटाचा, म्हणजे त्यांच्या प्रवेश परीक्षेचा, एक भाग हाताने चित्र काढायचा असतो, दुसरा संगणकावर. मुलाने वर्षभर कॉम्प्युटरवर चाचण्या दिल्या आणि पेन्सिल हातात धरलीच नाही, तर बोटं आखडतात. आमच्याकडे रोज संध्याकाळी तलावपाळीवर बसून माणसं काढायचा नेम होता. पाठमोरे आजोबा, घोडागाडी, भेळवाला. बसलेल्या माणसाचा गुडघा काढणं किती अवघड असतं ते काढून बघा.

सुकी_भेळ

भेळवाला काढला असेल तर मानधन कुठे जमा करायचं ते कळवा.

घोडबंदर_ग्रस्त

एवढ्या अभ्यासाच्या चर्चेत मुख्य मुद्दा राहिला. परीक्षा केंद्र! बारकोड, शिफ्ट, अमुक वाजता गेट बंद. आमच्या पुतण्याला केंद्र आलं एमआयडीसीच्या आत, नकाशावर ठिपका बरोबर आणि प्रत्यक्षात समोर बंद कारखाना. आणि वार रविवार. रविवारी मेगाब्लॉक असतो हे दिल्लीत बसून वेळापत्रक करणाऱ्यांना कुठून माहीत असणार?

तळ्याकाठी

अगदी अगदी. शुक्रवारी-शनिवारी ब्लॉकची बातमी येते, ती बघायचीच. ट्रान्स-हार्बरला ब्लॉक लागला तर ठाण्याहून वाशी-नेरूळला जायला रस्ताच उरतो. आणि पावसाचं धरून चाला. २०२५ साली २६ मेलाच मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला आणि तेव्हा सीयूईटी चालूच होती. शक्य असेल तर आदल्या दिवशी केंद्र बघून यावं. पारदर्शक बाटली, साधे कपडे, घड्याळ नाही. मुलीच्या कानातल्या बारीक बाळ्या गेटवर काढायला लावल्या, त्या माझ्या हातात आल्या आणि मी तीन तास मूठ आवळून बसले.

ऐरोली_लोकल

हे बाहेर बसणाऱ्या आईबापांवर कोणीतरी लिहिलं पाहिजे. फूटपाथवर वर्तमानपत्र पसरून बसलेली अख्खी वऱ्हाडं असतात.

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे आभार, धागा वाचताना रात्रीचा एक वाजला. दोन शंका अजून. भाषा म्हणून इंग्रजीऐवजी मराठी घेतली तर? तिचं मराठी चांगलं आहे, आजीच्या कृपेने. दुसरं, जुन्या कटऑफच्या याद्या बघितल्या तर ८०० पैकी आकडे दिसतात आणि कोणी १००० पैकी सांगतं.

दिल्लीवाली_ठाणेकर

आधी दुसरं. २०२४ पर्यंत पन्नासपैकी चाळीस प्रश्न सोडवायचे होते, म्हणजे विषयाला २००, चार विषयांचे ८००. २०२५ पासून पन्नासच्या पन्नास, म्हणून विषयाला २५० आणि एकूण १०००. जुने आकडे नव्यांशी थेट ताडू नका. शिवाय एकाच विषयाच्या वेगवेगळ्या शिफ्ट असल्या की मार्कांचं सामान्यीकरण होतं, त्यामुळे घरी उत्तरतालिकेवरून काढलेली बेरीज आणि निकाल जुळत नाहीत. उत्तरतालिकेवर हरकत घेता येते, प्रश्नाला २०० रुपये भरून.

मराठी तेरा भाषांमध्ये आहे आणि डीयू धरतं. उतारे, शब्दार्थ, व्याकरण असं असतं. पण मी इंग्रजी घेतली होती. मराठीच्या सरावाचे पेपर मला फारच कमी सापडले, आणि इंग्रजी ऑनर्ससारखा पर्याय खुला ठेवायचा असेल तर इंग्रजी लागतेच.

मास्तर_तासावर

यावर माझं मत वेगळं. मुलीची वाचनाची भाषा मराठी असेल तर उतारा वाचायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो, आणि ६० मिनिटांत तीच तर ओढाताण आहे. दोन्ही भाषांचे एकेक उतारे घड्याळ लावून सोडवायला द्या आणि मार्क बघून ठरवा. आपण इथे भांडून काही होणार नाही.

खारघरचा_वारा

मास्तर, आपण इथे भांडायलाच येतो.

फक्त_वाचक

एक कागदपत्राचा मुद्दा, सहसा कोणी सांगत नाही. ओबीसी असाल तर केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला लागतो. राज्याचा चालत नाही. आणि राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आधी ते तपासा. दाखला चालू आर्थिक वर्षातला मागतात, म्हणजे एप्रिल उजाडल्यावर लगेच अर्ज करायचा. जूनमध्ये दहावी-बारावीची सगळी जनता सेतू केंद्रावर असते.

सुकी_भेळ

ठाणेकरांनो, तहसील कार्यालयात जाणारच आहात तर बाजूला मामलेदारची मिसळ आहे. दाखल्याची तारीख पुढची मिळाली तरी फेरी फुकट जात नाही.

घोडबंदर_ग्रस्त

तिखट मागवू नका, परीक्षेआधी आठवडाभर तरी.

नेरूळ_निवासी

मिसळ आली म्हणजे धागा आता शंभरी गाठणार.

पाचपाखाडीकर

शंभरीच्या आत आमचं ठरलेलं सांगते. पॅकेज नको. इतिहासाला मास्तरांची पट्टी, कागद आणून झालाय, पलंगाऐवजी कपाटाच्या दारावर लावतेय. अकरावीचं इतिहासाचं पुस्तक माळ्यावर सापडलं, अर्थशास्त्राचं शेजारच्या मुलीकडून आणलं. मानसशास्त्र एनसीईआरटीतून, बोर्डाचे मुद्दे समासात. फेब्रुवारीपर्यंत बोर्ड पहिलं. परीक्षा झाल्यावर फक्त चाचणी मालिका घ्यायची, आणि ती तिने स्वतः निवडायची. पाचही पेपर देणार. भाषेचे उतारे रविवारी घड्याळ लावून दोन्हीतले दिले, मराठीत वेळ उरला आणि इंग्रजीत मार्क जास्त आले, त्यामुळे घरात दोन पक्ष पडलेत. राज्यशास्त्राचं मात्र कोणीच काही बोललं नाही, तिथे दोन पुस्तकांत किती फरक आहे?

मास्तर_तासावर

आपल्या बारावीच्या पुस्तकाचा भर १९९१ नंतरच्या जगावर आहे. एनसीईआरटीची दोन पुस्तकं आहेत, एक समकालीन जागतिक राजकारणावर, दुसरं स्वातंत्र्योत्तर भारतीय राजकारणावर. पहिल्यातला बराच भाग ओळखीचा वाटेल. दुसरं जवळजवळ पूर्ण नवं, संस्थानांचं विलीनीकरण, काँग्रेसचं वर्चस्व, नियोजन, आणीबाणी. सुरुवात या दुसऱ्यापासून करा. कथेसारखं वाचलं जातं, दिवाळीच्या सुट्टीत होईल.

दिल्लीवाली_ठाणेकर

काकू, अजून एक. सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे डीयूचा भरला असं होत नाही. डीयूच्या सीएसएएस पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, तिथे कॉलेज आणि कोर्सचा पसंतीक्रम भरायचा असतो. आमच्या बॅचच्या एका मुलीने पसंतीत मोजकीच कॉलेजं टाकली होती, तिला पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही. यादी लांबलचक भरायची.

पाचपाखाडीकर

लिहून ठेवलं. आणि तुझा तो राजम्याचा धागा काढच, आमच्याकडे त्याचीच जास्त वाट बघताहेत.

ऐरोली_लोकल

बायोटेकला सीयूईटीत कुठला विषय धरतात, कोणी सांगेल का? भाचीसाठी हवंय.

शून्य_लब्धी

जीवशास्त्राचाच पेपर. यादीत जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि जीवरसायन एकत्रच आहेत. बाकी विषय विद्यापीठागणिक बदलतात, ती कुठे जाणार आहे ते आधी सांगा.